पाण्याचे बिऱ्हाड

‘मासे पाळणे’ हा शब्दप्रयोगच मला पटत नाही. जाणता माणूस पाणी पाळतो; ते नीट पाळले की मासे आपले आपण सुखात राहतात. हा सिद्धांत मी पाहुण्यांपुढे मांडू लागलो की स्वयंपाकघरातून एक सूचक खोकला ऐकू येतो आणि मला विषय आवरता घ्यावा लागतो. दिवाळी अंकाच्या वाचकाला खोकण्याची सोय नाही. तेव्हा आज जरा सविस्तर सांगतो.

आमच्या पुण्याच्या घरी बैठकीच्या खोलीत अकरा वर्षे एक काचेची टाकी होती. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर पाणी मावावे एवढी. तळाशी वाळू, मागच्या बाजूला वॅलिसनेरियाच्या लांब हिरव्या पाती, पुढे क्रिप्टोकोरिनची तपकिरी झुडपे आणि एका ओंडक्याला धरून बसलेले जावा फर्न. या रानातून सहा मिस केरळ मासे फिरत. अंगावर काळी रेघ, तिच्यावर तांबडी रेघ, आणि चाल अशी की जणू सगळ्यांना एकाच गाडीला जायचे आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या ओढ्यांतला हा मासा. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला ‘सह्याद्रिया’ असेच नाव दिले. हे ऐकल्यावर माझ्या आईने, जिचे माहेर देवगडकडचे, त्यांना एकदम आपल्या माणसांत घेतले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसे.

लोक विचारतात, “एवढी टाकी घासायला किती वेळ लागतो हो?” खरी मेख इथेच आहे. लख्ख घासलेल्या टाकीत मासे मरतात. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य, आणि वनस्पतींना तर खाऊच. हे जिवाणू वाळूत, ओंडक्यावर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून स्पंज कधी नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ही मंडळी मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलक्या हाताने पिळायचा. आईला मी हे सारे एकदा समजावून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे विरजणच की! भांडं विसळावं, पण विरजण टाकू नये.” माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचे सार तिने एका वाक्यात काढले.

ही तडजोड मांडून दाखवली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. एका काचपात्रात त्याने सोनमासे आणि वॅलिसनेरिया ठेवले. वनस्पती प्राणवायू पुरवू लागली, पण तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पात्र निवळले. १८५० साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केले. संसारात कुजके खाऊन टाकणारे कोणीतरी लागते, हे त्या गृहस्थाने सप्रमाण सिद्ध केले असे मी म्हणतो. त्यावर पुन्हा खोकला ऐकू येतो.

बाकी नियम साधे आहेत. दिवसाला आठ तास दिवा. जास्त ठेवला की शेवाळ माजते. दोन मिनिटांत संपेल एवढाच दाणा. आणि दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचे. नुसती वरून भर घालून भागत नाही. आमटी आटली की खारट होते, तसे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

असे सुरळीत चालले असता आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. तीन वर्षे भाड्याच्या घरात राहायचे होते. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. या घरात तिची सेहेचाळीस वर्षे गेलेली. तिने विरोध केला नाही, की काही विचारले नाही. सामान बांधताना फक्त एकदा म्हणाली, “मासे कसे न्यायचे रे?”

ते नीट नेले. मासे झाकणाच्या बादल्यांत, जुन्याच पाण्यात. स्पंजही त्याच पाण्यात बुडवलेला. झाडे ओल्या वर्तमानपत्रांत. टाकी रिकामी करून चौघांनी उचलली. दुपारपर्यंत नव्या जागी पाणी खेळू लागले, आणि विरजण जुने असल्यामुळे एकही मासा दगावला नाही.

क्रिप्टोकोरिनने मात्र आठवड्याच्या आत मान टाकली. जागा बदललेली या झाडाला सोसत नाही. पाने काचेसारखी पारदर्शक होतात आणि विरघळून जातात. याची काही भावंडे कोकणातल्या ओढ्यांत वाढतात, पण या बाबतीत सगळी सारखीच हळवी. आईचेही तसेच चालले होते. जेवण अर्ध्यावर आले. रात्री उठली की न्हाणीघराचे दार जुन्या घराच्या दिशेला शोधायची. आम्ही दिवा लावून ठेवू लागलो, भिंतीला धरायला दांडी बसवली. डॉक्टर तपासून म्हणाले, “वेळ द्या.”

टाकीतला उघडा पडलेला कोपरा पाहून आमच्या घरातून सूचना आली, “अहो, ती मेलेली झाडं काढून तरी टाका.” मी म्हणालो, “मुळं जिवंत असतात. हात लावायचा नाही.” आई ऐकत होती. बोलली नाही.

चौथ्या आठवड्यात नवे पान आले. नखाएवढे, तपकिरी. ते पहिल्यांदा तिनेच पाहिले आणि मला हाक मारली.

म्हणून आई रुळली, असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. पण ते खरे नाही. दिवेलागणीला ती अजून विचारते, “आपल्या घरी कधी जायचं?” मी म्हणतो, “अजून दोन वर्षं.” ती बोटांवर काहीतरी मोजते. मात्र पाण्याचा वार ती चुकू देत नाही. शनिवारी भरून ठेवलेल्या बादल्यांपाशी रविवारी सकाळी माझ्या आधी हजर असते. आता थंडी पडू लागली आहे. परवा तिने बादलीत मनगटापर्यंत हात बुडवला, तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाणी पाहतात तसा, आणि म्हणाली, “गार आहे. तांब्याभर ऊन पाणी घाल.”