सरहद्दीपलीकडची सोयरीक

1 मे 1960 रोजी डांग गुजरातेत गेला आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिला, तरी येथील कोकणा-वारली समाजाच्या सोयरिकींनी त्या सरहद्दीची फारशी तमा बाळगली नाही. लेकी पलीकडे नांदायला जातात, सुना अलीकडे येतात. त्यामुळे मोबाइलवर परदेशस्थ व्यक्तीशी जुळलेला स्नेह घेऊन कोणी तरुण वा तरुणी सल्ल्यासाठी माझ्या पायरीशी येते, तेव्हा सरहद्दीच्या नावाने मी दचकत नाही; माझा पहिला प्रश्न असतो तो कायद्याचा.

हिंदू विवाह कायदा, त्याच्या कलम 2(2) अन्वये, केंद्र सरकारने अधिसूचनेने वेगळे फर्मावल्याखेरीज, कोकणा-वारलींसारख्या अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. त्यांचे विवाह रूढीने होतात, आणि ती रूढी परदेशी वधूवरांना कोठून असणार? तेव्हा येथे लग्न करावयाचे तर वाट उरते ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. उभयतांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात लगतपूर्व किमान 30 दिवस वास्तव्य हवे, नंतर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती कचेरीत ठळक जागी लावणे, आणि हरकतींसाठी पुन्हा 30 दिवसांची मुदत. शिवाय परदेशी पक्षाने आपण अविवाहित असल्याचा दाखला आपल्या दूतावासाकडून आणावयाचा. भिंतीवरच्या नोटिशीमुळे भाऊबंदांचा जाच ओढवतो, हा आक्षेप मला मान्य आहे. वडीलधाऱ्यांना मात्र धास्ती वाटते ती जमिनीची, आणि ती बरीचशी अनाठायी. कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ मुळे आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीवाचून विक्री, बक्षीस वा गहाणाने बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही.

परंतु नोटीस आणि मुदतीचा हा कंटाळवाणा विलंबच, माझ्या मते, प्रीतीची सर्वांत प्रामाणिक कसोटी होय. ज्याला खरोखर संसार थाटावयाचा आहे तो पारपत्र, व्हिसा, दाखले घेऊन मुदतीपर्यंत थांबतो. भामट्याला तेवढी सवड नसते. विलायतेतला डॉक्टर वा जहाजावरचा अभियंता म्हणून तो महिनोन्‌महिने गोड बोलतो, मग दागिन्यांची भेट पाठवल्याचे कळवतो, आणि लगोलग दिल्लीच्या विमानतळावरून ‘कस्टम’च्या नावाने फोन येतो: प्रथम थोडी जकात, मग पार्सलात परकी चलन सापडले म्हणून मोठा दंड, मग अटकेची धमकी. वास्तविक सरकारी जकात कोणा व्यक्तीच्या खासगी खात्यात कधीच भरावी लागत नाही, आणि 8 नोव्हेंबर 2019 पासून कस्टम विभागाच्या पत्रव्यवहारावर संकेतस्थळावर पडताळता येणारा दस्तऐवज-क्रमांक घालण्याची पद्धत आहे. लाजेने गप्प बसणारी माणसेच या टोळ्यांचे भांडवल असतात.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की प्रत्यक्ष भेटीपूर्वी पैसा मागणाऱ्यास दमडीही देऊ नये, आणि दिलाच असेल तर घरच्यांची समजूत घालण्यात दिवस न दवडता त्याच तासाला सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फिर्याद नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता येते ती तेवढ्याच अवधीत.