दुवा

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी लागते. या गावात राहून मी गेली काही वर्षे रविवारच्या संपर्कसत्रांत मराठी शिकवतो. समोर बसणारे विद्यार्थी आपल्यासारखेच असतात; आठवडाभर शेतात, दुकानात, कार्यालयात राबून उरलेल्या वेळात पुस्तक उघडणारे. भ्रमणध्वनीवर आमचा एक गट आहे. काम, तंत्रज्ञान, संस्कृती यांविषयीचे वाचनीय लेख मी त्यावर पाठवत असे. येथे ‘पाठवत असे’ हे क्रियापद मी मुद्दाम योजले आहे. ‘वाचून पाठवत असे’ म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास, वेचणी भरात असताना, कापूस वेचणाऱ्या यंत्रासंबंधीच्या एका लेखाचा दुवा मी गटावर टाकला. (आमच्याकडे म्हातारी माणसे दुवा देतात, तो निराळा.) मथळा पाहिला होता, चित्र पाहिले होते, पुढचे काही वाचले नव्हते. रात्री एका विद्यार्थिनीचा निरोप आला. ती दिवसा वेचणीला जाते, रात्री अभ्यास करते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हे आपणांस ठाऊक असेलच. तिने विचारले होते, “सर, हे यंत्र आपल्याकडं कधी येणार? आमच्या कामाचं काय होईल, ते त्यात लिहिलंय का? माझा डाटा संपलाय.” मला उत्तर देता येईना. तेव्हा कोठे मी तो लेख उघडला. तो लेख नव्हताच. एका यंत्राची जाहिरात होती. मजुरांविषयी त्यात एक ओळही नव्हती. तिने मात्र केवळ मी पाठवला म्हणून तो मजकूर तिच्याबरोबर वेचणीला जाणाऱ्या आणखी चौघींना पाठवला होता. त्या चौघींची रात्र कशी गेली असेल, हे मी आजही विचारलेले नाही.

त्या रात्री वडिलांची फार आठवण झाली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याचे ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि उद्योगाबरोबर साहित्यही त्याने घरोघर नेले. वडिलांजवळ त्याचे काही जुने, पिवळे पडलेले अंक होते. अंक हाती देताना ते एका पानाचा कोपरा दुमडून देत आणि तो का दुमडला, हेही सांगत. कधी कधी मला ते पान मुळीच आवडत नसे. पण ते त्यांनी वाचले आहे आणि वाचताना त्यांना माझी आठवण झाली आहे, एवढे मात्र कळे.

तेव्हापासून शेवटपर्यंत वाचल्याखेरीज मी काही पाठवत नाही आणि पाठवताना स्वतःच्या दोन ओळी लिहितो. दुवे साहजिकच कमी झाले. ‘सरांचा गट थंडावला’, अशी तक्रारही कानावर आली.

अशाच दोन ओळींसह मी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावरील जात्यावरच्या ओव्यांचे एक पान पाठवले. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या या संग्रहात ग्रामीण माणसांच्या कामाविषयी आणि कलांविषयी मराठीतही वाचावयास मिळते. हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. तेथे गाणारीचे नाव असते, गाव असते, पुष्कळदा आवाजही असतो. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे जाते थांबले आणि त्याबरोबर गाणेही थांबले. बाईच्या खांद्यांवरचा भार उतरला, हे चांगलेच झाले. ओवीसाठी कोणी पुन्हा जाते ओढावे, असे मी म्हणणार नाही. परंतु एका यंत्रामुळे मुके झालेले गाणे दुसऱ्या यंत्राने टिपून ठेवले आणि तिसऱ्याने माझ्या तळहातावर आणून दिले, याचे नवल मला अजून सरलेले नाही. मी पाठवलेल्या पानावर परभणी जिल्ह्यातीलच ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. त्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. मी लिहिले होते, “हा आवाज आपल्याच जिल्ह्यातला आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवून ऐका.”

त्याच विद्यार्थिनीने ते सासूबाईंना ऐकवले. त्यांनी दोनदा ऐकले आणि म्हणाल्या, “आमच्याकडं ही अशी न्हाई म्हणत.” मग स्वतःच गाऊ लागल्या. सून म्हणाली, लग्नाला नऊ वर्षे झाली, सासूबाई गातात हे मला माहीतच नव्हते. हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून तिने स्वाध्यायाच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या ओव्या उतरवून घेतल्या. मागच्या रविवारी ती वही तिने माझ्यापुढे ठेवली. अकरा ओव्या होत्या. एका ओवीतील शब्द मला अडला. कोशात शोधला, मिळाला नाही. येत्या रविवारी सासूबाई तिच्याबरोबर यायच्या आहेत. तेव्हा त्यांनाच विचारू, असे आम्ही ठरवले आहे.