संपलेल्या सेलचा उजेड

घड्याळ थांबलं की सेल कचऱ्यात जातो. छंदिष्ट मंडळी मात्र तो जपून ठेवतात. फेराइटच्या कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर. एवढ्या भांडवलावर १ व्होल्टच्या खाली उतरलेला सेल पांढरा एलईडी पेटवतो. त्याला एरवी ३ व्होल्टच्या आसपास लागतात!

ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. बंद होताना कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र ओसरतं नि व्होल्टेज उसळतं.

१९९९मध्ये एका ब्रिटिश मासिकात हे सर्किट आलं. 'ज्यूल थीफ' हे नाव पुढे क्लाइव्ह मिचेल यांनी दिलं. काहींना यात फुकटची वीज दिसते. मला तो भाबडेपणा खटकतो, कारण येतं ते सेलमध्ये उरलेलंच. पण उलट जोडल्या गेलेल्या एका वेटोळ्याची टोकं अदलाबदल करताच मघाचा ढिम्म दिवा भक्कन लागतो, तेव्हा कोण हिशेब मांडत बसणार?