पेट्रोल वाढवत गेलो

साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीने मान टाकली. आधी मिसिंग, मग गचके, मग काहीच नाही. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. सायलेन्सरमधून पेट्रोलचा इतका वास येत होता की रस्त्याकडेला काजू विकणाऱ्या बाईंनी पाटी उचलून चार पावलं लांब ठेवली. मी मात्र मोबाईल काढून ग्राफ बघत बसलो. ग्राफ म्हणत होता, गाडी लीन आहे, पेट्रोल कमी पडतंय. म्हणून मी तिथंच, घाटात, आणखी चार टक्के पेट्रोल वाढवलं.

शेवटी गाडी छोट्या हत्तीत घालून कोल्हापूरला आणली. भाडं किती झालं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

गाडी सेकंडहँड आरसी ३९० मोटारसायकल, २०१५चं मॉडेल. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, चाकणला तयार झालेली. कंपनीच्या अवस्थेत ती उत्तम चालत होती, हे आधीच कबूल करतो. तरी मी तिचा बेंड पाईपपासून मागचा सगळा एक्झॉस्ट काढला आणि फ्री-फ्लो चढवला. पोलीस असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोड रोलर फिरवतात, ते फोटो मीही पेपरात बघितले होते. पण ते आपल्या सायलेन्सरचे नसतात, असं वाटण्याचं माझं वय होतं.

काम घरीच, अंगणात केलं. बेंड पाईप सिलिंडर हेडला जिथं बसतो तिथं एक गॅस्केट असतं, बांगडीसारखं गोल. एकदा आवळलं की ते दबून त्या जागेचा आकार घेतं. जुनं काढलं तर अखंड निघालं. कापडाने पुसलं, तेच परत बसवलं. नवं दीड-दोनशे रुपयांना मिळालं असतं, पण रविवार होता आणि दुकानं बंद होती.

सोमवारी ॲक्सिलेटर सोडला की गाडी फटाके मारायला लागली. दोस्तमंडळी खूश. माझंही तयार गणित होतं: एक्झॉस्ट मोकळा झाला, हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणजे मिक्श्चर लीन झालं. प्रत्येक कट्ट्यावर हेच गणित सांगतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. त्यामुळेच तर फसायला होतं. फटाके कुठल्या दिवसापासून सुरू झाले आणि त्याच्या आदल्या दिवशी मी काय काय उघडलं होतं, एवढी साधी उजळणी मी केली नाही.

मग पिगीबॅक घेतलं. ही छोटी डबी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसते आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहायचा ते कमीजास्त करते. आयडलवर तो दोनेक मिलिसेकंदच उघडतो, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांचा फरकसुद्धा इंजिनाला जाणवतो. शिवाय हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा एक वाइडबँड मीटर आणला. नळीला ऑक्सिजन सेन्सरसाठी भोक एकच होतं, म्हणून कंपनीचा सेन्सर काढला आणि तिथं माझा बसवला. आरामात चालवताना कंपनीचा सेन्सरच ईसीयूला कळवत असतो, की पेट्रोल जास्त झालं, आता कमी झालं. म्हणजे मी घरातला जुना जाणता माणूस बाहेर काढला आणि त्याच्या खोलीत भाडेकरू ठेवला.

पहिली घोडचूक आकड्याची. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला ९ पट पुरते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. आमच्याकडे ऊस दारात, इथेनॉल आमच्याच कारखान्यांतून निघतं, त्यामुळे हे पाठ असल्याचा मला अभिमान होता. म्हणून मीटरवर संथ चालीला १३.५ दिसेल असं मी जमवत बसलो. पण मीटर पेट्रोल ओळखतच नाही. तो धुरातला शिल्लक ऑक्सिजन मोजतो आणि उत्तर कायम निव्वळ पेट्रोलच्या पट्टीवर दाखवतो. टाकीत काहीही असो, बरोबर जळत असेल तर मीटरवर १४.७च दिसणार. नुसत्या या शहाणपणात मी आठ टक्के पेट्रोल उधळत होतो.

पण गाडी मारली ती त्या जुन्या गॅस्केटने. एका सिलिंडरच्या इंजिनात धूर सलग येत नाही, हिसक्यांनी येतो. दोन हिसक्यांच्या मध्ये नळीत क्षणभर ओढ तयार होते. जोडात फट असेल तर त्या ओढीने बाहेरची ताजी हवा आत येते आणि पुढच्या सेन्सरला ती इंजिनातून आल्यासारखीच दिसते. आयडलला आणि कमी आरपीएमला हे जास्त होतं, वर रेस दिली की फारसं जाणवत नाही. माझा ग्राफ नेमका असाच होता: खाली लीन, वर ठीक. तो मी दहा वेळा बघितला असेल. बघून पिगीबॅकच्या मॅपमधले कमी आरपीएमचे रकाने भरत गेलो. आधी दहा टक्के, मग अठरा, मग पंचवीस.

एका रात्रीची गोष्ट स्पष्ट आठवते. गाडी स्टँडवर, आयडलवर चालू, मीटरवर १४.८. पाच टक्के वाढवले. आकडा खाली यायला हवा होता. तो १५.६ झाला. पेट्रोल वाढवल्यावर मिक्श्चर पातळ कसं होईल? आमटीत मीठ टाकलं आणि ती अळणी लागली, तर माणूस आधी जीभ तपासेल. मी आणखी पाच टक्के टाकले. खरा प्रकार असा होता की पेट्रोल इतकं झालं होतं की मधूनच एखादा स्ट्रोक जळतच नव्हता. न जळलेल्या स्ट्रोकमधली हवा जशीच्या तशी सेन्सरपाशी पोचत होती आणि त्याला ऑक्सिजनच ऑक्सिजन दिसत होता. सेन्सर खोटं बोलत नव्हता. विचारलं त्याचं उत्तर तो देत होता. मी ते उत्तर भलत्याच प्रश्नाला लावत होतो.

मायलेज २८वरून १८वर आलं. त्याचं कारण मी ‘पिकअप वाढला ना’ असं देत होतो. पिकअप वाढला नव्हता, आवाज वाढला होता.

आंबा घाटानंतर गाडी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे ढकलत नेली. त्यांची सगळी हयात आरएक्स १०० आणि बुलेटच्या कार्बोरेटरमध्ये गेली. इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल ते फार आदराने बोलत नाहीत, म्हणून आजवर मी त्यांना टाळत होतो. मी मोबाईल पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. वाकून इंजिनाच्या ऑइलच्या काचेत बघितलं.

“ऑइल कधी टाकलंस?”

“दोन महिने झाले.”

“मग वाढलं कसं? पिल्ली घातली काय?”

ऑइल खरंच वरच्या खुणेच्या वर होतं. त्यांनी झाकण काढून बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, माझ्या नाकाखाली धरलं. “हे ऑइल न्हवं भावा, रॉकेल झालंय.” न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुवून खाली उतरत होतं आणि त्या पातळ पाण्यावर मी दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी पळवली होती. मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असलं तर काय बिघडतं, इंजिन थंड राहतं, असं मी चारचौघांत सांगायचो.

मग त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून त्यातून हवेची नळी आत घातली, हवा अगदी मंद सोडली आणि हेडच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. जोडाभोवती फेस आला. बारीक नव्हे, चांगले टपोरे बुडबुडे, पोरं फुंकतात तसले.

“गॅस्केट नवं टाकलं हुतंस?”

मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. त्याचं मला जास्त लागलं.

नवं गॅस्केट, नवं ऑइल, नवा प्लग. जुना प्लग ओलसर आणि काजळीने माखलेला निघाला. मॅपमधले सगळे रकाने मी शून्य केले. गाडी सुरू केली तर आयडल बसलेलं, मीटर साडेचौदाच्या आसपास स्थिर. ॲक्सिलेटर सोडल्यावरचे फटाके जवळजवळ गायब. गरम नळीत न जळलेलं पेट्रोल आणि फटीतून आलेली हवा यांची गाठ पडत होती, ती थांबली. ज्या आवाजासाठी एवढा प्रपंच मांडला, त्याचं औषध मी त्या रविवारी हातात धरून पुसून परत लावलं होतं.

नंतर रीतसर, प्रत्येक आरपीएमला तपासून जो मॅप केला त्यात मधल्या पट्ट्यात तीन-चार टक्के वाढ निघाली. बाकी सगळीकडे शून्य. पिस्टन रिंगांचं किती आयुष्य मी खाल्लं ते इंजिन उघडल्यावर कळेल. सध्या सकाळी पहिल्यांदा सुरू करताना थोडा निळसर धूर दिसतो, तो शेजाऱ्यांनाही दिसतो.

यंदा कंपनीचा सायलेन्सर परत चढवला, सेन्सर त्याच्या जागी गेला, मायलेज २७ मिळतं. पिगीबॅक आणि वाइडबँड दोन्ही विकायला काढलेत, चालू स्थितीत. घ्यायचं असेल तर या, पण आधी आपल्या गाडीच्या जोडावर साबणाचं पाणी टाकून या.