बाळ-बुगाटीची पारख

१/४
१९२४ साली ल्यों येथील शर्यतीत बुगाटीची ‘टाइप ३५’ प्रथम धावली. पुढे एत्तोरे बुगाटी यांनी धाकटा मुलगा रोलाँ याच्यासाठी तिची अर्ध्या आकाराची, बॅटरीवर चालणारी प्रतिकृती घडवली.

२/४
ती ग्राहकांना इतकी भावली, की १९२७ पासून मोल्सहाइमच्या कारखान्यात ‘टाइप ५२’ या नावाने तिचे उत्पादन होऊ लागले.

३/४
आज तिच्या नकला पुष्कळ आहेत. म्हणून चासीचा क्रमांक, आठ आऱ्यांची ॲल्युमिनियमची चाके, चारही चाकांचे ब्रेक आणि मागची विद्युत मोटर बारकाईने तपासावी लागते.

४/४
जीर्णोद्धारात मात्र संयम हवा. बॅटरी वा टायर केव्हाही नवे बसवता येतात; मूळ रंगाचा थर एकदा खरवडला, की अस्सलपणाचा पुरावाच त्याबरोबर जातो.