मेतकुटाच्या डब्यातली नथ

आमच्या घरात सुना चार, लेकी दोन आणि नथ एक. बसऱ्याच्या मोत्यांची, मधे लाल खडा, खाली हिरवा. चैत्रातलं हळदीकुंकू असो, मंगळागौर असो, शेजारच्या मुलीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये जिजाबाई व्हायचं असो, नथ आजीच्या कपाटातून निघायची आणि आजी एकच वाक्य म्हणायची, “जपून ने, जपून आण.” नाक न टोचलेल्या धाकट्या काकूसाठी तिला दोऱ्याने चाप बांधला जाई. तार सैल झाली की पटवेकऱ्याकडे जायची. आजी समोर पाटावर बसून मोती मोजायची, ओवताना मोजायची, ओवून झाल्यावर पुन्हा मोजायची. त्यातला एक मोती खोटा होता, हे फक्त तिला आणि पटवेकऱ्याला ठाऊक. आम्हाला कळलं ते फार पुढे.

प्रवासाला निघताना दागिने लपवण्याचं त्या पिढीचं एक शास्त्रच होतं. पाटल्या तांदळाच्या पुरचुंडीत. नोटा चोळीच्या आतल्या खिशात. सुटे पैसे कनवटीला. चांदीची अत्तरदाणी वळकटीच्या पोटात, उशीच्या अभ्र्यात. चोराला सापडू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त इतका पक्का असायचा की बहुतेक वेळा घरच्यांनाही काही सापडायचं नाही. नथीची जागा ठरलेली. मलमलीच्या चिंधीत डबी, आणि डबी मेतकुटाच्या पितळी डब्यात, तळाशी. मेतकुटात कोण हात घालतो?

गुहागरला जायचं ठरलं ते कुलवृत्तांतामुळे. घराण्यातल्या कुणीतरी तो छापायला घेतला होता आणि माहितीचे कागद घरोघर पाठवले होते. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मूळ पुरुष. आजोबांनी ते भरले, पण मूळ घराचा रकाना कोरा ठेवला. घाटावर येऊन कितीतरी पिढ्या झालेल्या. व्याडेश्वर आपला, दुर्गादेवीची ओटी चुकवायची नाही, एवढंच घरात उरलेलं. घर वरच्या पाटात की खालच्या पाटात, कुणाला सांगता येईना. मग निघालं लटांबर.

आजोबांचा एसटीवर फार जीव. पुणे-नगर ही पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, हे ते स्वतःचा वाढदिवस सांगावा तसं सांगत. स्वारगेटहून पहाटेची चिपळूण गाडी, वर टपावर ट्रंका, आत मांडीवर पोरं. उंब्रजला महामार्ग सोडला की आजी आवळासुपारी काढायची, पाटणला आलेपाक आणि कोयनानगर आलं की जपमाळ. १९६७ च्या डिसेंबरातल्या भूकंपाला काही वर्षं उलटली होती, पण तिथून जाताना ती गप्प व्हायची. कुंभार्ली घाटात आम्हा पोरांना रांगेने गाडी लागली. लिंबू हुंगून झालं, खिडक्यांच्या जागांची अदलाबदल झाली, दोघांचे कपडे बदलले, सामान इकडचं तिकडे झालं. चिपळूणला उतरलो तेव्हा गुहागरची गाडी लागलेलीच होती. “चला, चला!” म्हणत सगळे तीत कोंबले गेले. शृंगारतळी मागे पडून हवा खारी झाली तेव्हा कुठे पोरांच्या चेहऱ्यावर रंग आला.

रात्री उपाध्यांच्या पडवीत सामान लागलं. ट्रंका आल्या, वळकट्या आल्या, फिरकीचा तांब्या आला. मेतकुटाचा डबा नाही. आजी एका शब्दाने बोलली नाही. काकूंची मात्र रडारड सुरू झाली. तुमच्याकडे होता, नाही तुमच्याकडे होता, मी तर पोराचं तोंड धूत होते.

आजोबांनी कंदिलापाशी बसून चिठ्ठी लिहिली, ‘सा. न. वि. वि.’ पासून ‘कळावे’पर्यंत. मुक्कामी गाडीचे कंडक्टर स्टँडवर अंथरूण पसरत होते, त्यांनी ती तिकिटांच्या पेटीत ठेवून घेतली. पहाटे गाडी गेली. संध्याकाळी तेच कंडक्टर उतरले आणि म्हणाले, “एक डबा कंट्रोलरकडे जमा आहे, पण तो तुमचा नव्हे. झाकणावर नाव दुसरंच आहे.”

आजोबांचा चेहरा पडला. आजी मात्र ओटीवरून उतरून अंगणात आली. “काय नाव आहे?” कंडक्टरांनी आठवून सांगितलं. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नाआधी तिच्या आईने रुखवतासाठी घातलेलं, बारीक ठिपक्याठिपक्यांनी. नाव घालणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा, म्हणून वडिलांच्या नावाचं एकच अक्षर आणि आडनाव अर्धं. आजोबांनी त्या डब्यातलं मेतकूट जन्मभर भातावर घेतलं, पण झाकण कधी वाचलं नव्हतं. चिठ्ठीत त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला. “आजी, चव घेतली नाही हो, वास मात्र कंट्रोलरच्या खोलीभर,” कंडक्टर म्हणाले. आजीने कोपरापर्यंत हात घातला, डबी काढली, पदराने पुसली, आणि मोती मोजले. मग नथ घालून दुर्गादेवीची ओटी भरली. कंडक्टरांना चार आणे नकोत म्हणून त्यांना उरलेलं मेतकूट बांधून दिलं. पुढे कितीतरी वर्षं नवी सून नथ घालायची आणि नाक उडवून म्हणायची, “अगंबाई, हिंगाचा वास!”

मूळ घराचं जोतंही त्या दोन दिवसांत सापडलं. खालच्या पाटात, पोफळींच्या आगरात, चिऱ्यांची एक ओळ आणि तुळशीवृंदावनाचा चौथरा. आजोबांनी रकाना भरला. कुलवृत्तांत यथावकाश छापून आला. त्यात मूळ पुरुषापासून नातवापर्यंत ओळीने पुरुषच पुरुष, मागच्या पिढ्यांच्या बायका कुठे नुसत्या ‘पत्नी’, कुठे तेवढ्याही नाहीत. आमच्या ताईला ते खुपलं. तिने माळ्यावरची भांडी उतरवली. घागर, सतेली, पंचपात्र, ओगराळं, एकेकाचा काठ चिंचेने घासून नावं वाचली. कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे ‘मावशीकडून’ एवढंच. पणजीचं नाव तिला एका पाणी तापवायच्या बंबावर मिळालं. ही सगळी नावं तिने कुलवृत्तांताच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवली, आणि आमच्या घरात आता तीच प्रत खरी मानतात.

तुमच्याही माळ्यावर जुनं तांबंपितळ पडलेलं असेल. मोडीत घालण्याआधी झाकणं आणि काठ एकदा उजेडात धरून वाचा, आणि वाचलेलं कुठेतरी लिहून ठेवा.