डावा हात, लहान मूठ

आमच्या घरात पिस्तूल येईल असं कुणी मला वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवलं असतं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. हातात खडू, फार तर पट्टी. आणि गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर चर्चा कसली, तर ट्रिगर, ग्रिप आणि सिलिंडरची!

झालं असं की २०२४ साली पॅरिसला मनू भाकरनं दोन ब्राँझपदकं मिळवली आणि पाठोपाठ आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं आणलं. कोल्हापुरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. तसं आमच्या गावाला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. पण तेव्हा नात जन्मली तरी नव्हती नाहीतर अगदी लहान होती. आता ती तेराची आहे. तिनं हट्ट धरला आणि मुलानं तिला एका रेंजवर घातलं.

मी पहिले पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही. मनातून भीती होती, खोटं कशाला सांगू? मग एकदा मुलाला वेळ नव्हता म्हणून मी सोबत गेले. तिथली शिस्त पाहून मात्र मी गार झाले. पिस्तुलाचं तोंड सदैव लक्ष्याकडेच. हाताळत नसतील तेव्हा नळीत रंगीत दोरी घातलेली, म्हणजे आत काही नाही हे लांबूनही दिसावं. सर "थांबा" म्हणाले की सगळी हत्यारं खाली. छर्रे शिशाचे असतात म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. माझ्या कुठल्याही वर्गात इतकी शांतता कधी नव्हती!

नातीची प्रगती मात्र होईना. तीन महिने झाले तरी दहा छऱ्यांत शंभरपैकी साठ-एकसष्ठच्या पुढे गाडी जात नव्हती. मनगट दुखायचं, रात्री मी तेल चोळून द्यायची. क्लबचं पिस्तूल तिला जड होतं असा आमचा समज. मुलगा म्हणाला, "आई, स्वतःचं घेऊया तिला." आणि इथून खरा घोळ सुरू झाला.

आमचे धाकटे दीर सैन्यातून निवृत्त. ते म्हणाले, "वहिनी, हवेचं खेळणं कशाला? पॉइंट टू-टू घ्या, लहान कॅलिबर आहे, धक्का बसत नाही." सरांनी हसून समजावलं. पॉइंट टू-टू म्हणजे ५.६ मिलिमीटरची खरी गोळी. मुलींची २५ मीटरची स्पर्धा त्यावर असते, पण त्याला शस्त्रपरवाना लागतो आणि ती पायरी पुढची. सुरुवात १० मीटरवरच्या एअर पिस्तुलानं. त्याचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि स्पर्धेच्या पिस्तुलाला परवान्याची भानगड नाही. आवाज कमी, धक्का जवळपास नाही, त्यामुळे मूल डोळे मिटून घ्यायला शिकत नाही. एकदा ती सवय लागली की मोडायला वर्षं जातात म्हणे. चुकीचं अक्षरवळण मोडायला जातात तशीच!

मग मुलानं कुणाकडून तरी एक वापरलेलं पिस्तूल शोधून आणलं. परदेशी बनावटीचं, नव्याच्या निम्म्या किमतीत. नवं घ्यायचं तर लाखाच्या बरंच पुढे जातं, त्यामुळे आम्ही सगळे खूश. सरांनी ते हातात घेतलं, आधी सिलिंडर पाहिला. या पिस्तुलांत दाबलेली हवा असते, २०० बारपर्यंत. त्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. याची मुदत संपायला चार महिने राहिले होते! मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उभं राहता येत नाही, आणि धोका असतो तो वेगळाच. स्वस्त का मिळत होतं ते कळलं.

पण सरांनी पुढे जे केलं ते माझ्या मनातून जात नाही. त्यांनी नातीला ते पिस्तूल धरायला दिलं आणि मला म्हणाले, "बाई, तिचं बोट बघा." तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सपाट बसायला हवं आणि ट्रिगर सरळ मागे यायला हवा. हिचं बोट जेमतेम टोकानं पोचत होतं. पोचावं म्हणून ती अख्खा पंजा मुठीभोवती वळवून घेत होती, मनगट त्यामुळे वाकडं. चाप ओढला की नळी बाजूला जायची. म्हणजे दुखणं वजनाचं नव्हतंच, मुठीचं होतं. ही लाकडी मूठ चपलेसारखी मापानं येते, लहान, मध्यम, मोठी. क्लबची मध्यम, हीसुद्धा मध्यम. आणि आमच्या पोरीचा पंजा मनगटापासून मधल्या बोटापर्यंत सोळा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

मग सरांनी विचारलं, "ही लिहिते कुठल्या हातानं?"

"डाव्या," मी म्हटलं.

"आणि इथं उजव्यानं का?"

नात म्हणाली, "क्लबचं पिस्तूल उजव्या हाताचंच आहे ना. मला वाटलं, असंच धरायचं असतं."

सरांनी तिला दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायला लावली, त्यातून समोरचा आकडा बघायला सांगितला, मग एकेक डोळा मिटायला. उजवा डोळा मिटला तरी आकडा जागच्या जागी, डावा मिटला की गायब. म्हणजे डोळाही डावाच मुख्य. सर कपाळावर हात मारून म्हणाले, "चूक माझी आहे. हे पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं."

मी गप्प झाले.

घरच्या मंडळींना मी हे कधी सांगितलेलं नाही. १९७४ साली, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. गोट्या खेळताना त्याचा नेम कधी चुकायचा नाही. लिहायचाही डाव्या हातानं. तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं. पाटी उजव्या हातात दिली, आणि डावा हात पुढे आला की पट्टी. त्याचं चांगलंच करतेय असा माझा ठाम विश्वास होता. वर्षअखेर तो उजव्या हातानं लिहायला लागला. अक्षर शेवटपर्यंत कोंबडीच्या पायासारखं राहिलं आणि मी वर निकालपत्रात शेरा दिला, 'अक्षर सुधारावे'. आता त्याचं किराणा दुकान आहे. बिल उजव्या हातानं लिहितो, सुतळी मात्र डाव्या हातानं तोडतो. कितीदा पाहिलंय मी ते.

त्या तीस-चाळीस पोरांत एकाचाही हात मी नीट पाहिला नव्हता. सरांना चूक कबूल करायला अर्धं मिनिट लागलं. मला पन्नास वर्षं.

असो. त्या रात्री चौकटीच्या वहीवर नातीचा डावा पंजा ठेवून मी पेन्सिलनं त्याची कड काढली, पहिलीतल्या मुलांचा हात काढतात तशी. पंजाची लांबी, रुंदी, तर्जनीचं पहिलं पेर, सगळं लिहून घेतलं. तो कागद सरांनी पुढे पाठवला. शेवटी आम्ही दुसरंच एक वापरलेलं पिस्तूल घेतलं. थोडं महाग, पण सिलिंडरची सहा वर्षं शिल्लक. ट्रिगर मागेपुढे सरकवता येतो, आणि डाव्या हाताची सगळ्यात लहान मूठ वेगळी मागवली. वजन किलोच्या आसपास आहे. मी धरून पाहिलं, दहा मोजेपर्यंत हात थरथरायला लागला. नात सध्या निम्मं छऱ्यांना हात न लावता, नुसता चाप ओढून सराव करते. घरी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली सरळ हातानं धरून उभी राहते.

तुमच्यापैकी कुणाच्या मुला-नातवंडांना हा नाद लागला तर माझं एवढंच ऐका. घाईनं काही विकत घेऊ नका. आधी मुख्य डोळा बघा, मग हात, मग बोट ट्रिगरवर कसं बसतं ते. मुठीखाली तळहात टेकायला जी फळी असते ती फार आवळू नका, हात दाबला गेला की रक्त थांबतं आणि थरथर वाढते. मूठ किंचित मोठी वाटली तर 'हात वाढेल की' म्हणून घेऊ नका. गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तसं इथं चालत नाही. मूठ हात वाढल्यावर बदलता येते. आणि पिस्तूल घरी आलं की कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे.

परवा डाव्या हातानं तिचे दहा छर्रे चौऱ्याहत्तर झाले. मनगटाला तेल लावायला मी वाटी घेऊन बसले होते, तर म्हणते, "आजी, दुखत नाहीये आता."

मी उठून त्या किराणा दुकानात गेले. अर्धा किलो पोहे घेतले आणि त्याला सगळं सांगितलं, पट्टीसकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला आठवतंय होय? मला वाटायचं फक्त मलाच आठवतंय."

सुतळी त्यानं डाव्या हातानंच तोडली. पैसे घेतले नाहीत. मी ते गल्ल्यावर ठेवून आले.